वंश निराळा, म्हणून काम जमत नाही?

सोयाबीनची सोंगणी सुरू होऊन मेळघाटातील कोरकू मजुरांच्या टोळ्या नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात उतरल्या की एक वाक्य हटकून कानी पडते: ‘त्यांचा वंशच निराळा, आपल्या माणसांशी त्यांचे जमायचे नाही, टोळ्या अलग ठेवा.’ ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याच्या मुखी हे असते तर समजता आले असते. परंतु सुशिक्षित म्हणविणारी माणसेही ते निःशंकपणे उच्चारतात, आणि त्याच आधारावर पाण्याची घागर, जेवणाची सावली व मजुरीचा दर वेगळा करतात, तेव्हा त्याचा समाचार घेणे भाग पडते.

कोरकूंची भाषा वऱ्हाडीहून भिन्न आहे, हे खरे. ती मुंडा कुळातील, संथाली व मुंडारी यांच्या नात्यातील आहे. पण भाषा रक्तातून उतरत नाही. मेळघाटातल्या धारणीचे मूल नांदगावात वाढले तर वऱ्हाडीच बोलेल. आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की मनुष्यजातीतील आनुवंशिक भेदांपैकी सुमारे ८५ टक्के भेद एकेका समाजाच्या पोटातच आढळतात. म्हणजे आपण ज्याला ‘आपला’ म्हणतो त्या शेजाऱ्याशी असलेले अंतरही काही थोडके नसते.

ज्यांना परदेशी दाखला पटत नाही त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा घ्यावा. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्या संशोधन करीत होत्या. गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता इतरांहून अधिक असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, हा फिशर यांचा होरा पडताळण्यासाठी कर्वे यांच्यापुढे १४९ कवट्या ठेवल्या गेल्या. एकेक कवटी मोजून, वंशश्रेष्ठत्वाचा बोलबाला असलेल्या त्या शहरात, आपल्याच मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध, या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. धैर्य म्हणतात ते हेच.

आपल्याकडे १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची प्रतवारी लावली होती. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ग्रंथात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी दिलेली मोजमापेच पुढे ठेवून निष्कर्ष काढला की हे शास्त्र विश्वसनीय मानले तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. वंशवाद्यांच्या फूटपट्टीनेच वंशवाद खोटा पडला, यावर आणखी काय बोलावे!

मग माणसे एकत्र कामाला बसत नाहीत ती का? मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार सूतकताईत राबत. परंतु अधिक मजुरीच्या विणाई खात्याचे दार त्यांना बंद असे, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि स्पृश्य विणकरांना त्यात विटाळ दिसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. अडसर हातांत नव्हता, वहिवाटीत होता. आणि त्या वहिवाटीमागे वरकड मजुरीची राखण होती.

मळणी यंत्रापाशी क्षणभर उभे राहावे. गंजीवरून पेंढी देणारा, यंत्राच्या तोंडी ती सारणारा आणि खाली पोते धरणारा, या तिघांची लय चुकली तर यंत्र चोंदते, प्रसंगी हातही जातो; तेथे कोणाचे आजोबा कोण होते हे विचारायला कोणालाही सवड नसते. भांडण होते ते संध्याकाळी: एकरी ठेक्याचा दर आधी न ठरल्याने, उचलीच्या हिशेबात मुकादमाने हात मारल्याने, एका टोळीला दुसरीहून कमी दिल्याने. दर उघड सांगून दोन्ही टोळ्यांची मजुरी एकाच वहीतून चुकती करा, आणि मग ‘जमत नाही’ची तक्रार किती उरते ते पाहा.

किरकोळ भ्रमांना एकेक ओळ पुरे. सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही, हे खोटे. वर्णद्रव्य अतिनील किरणांना अडवते, उष्माघाताला नव्हे. कोरकूंना हिशेब कळत नाही, हेही खोटे. वही ज्याच्या बगलेत त्यालाच तो कळतो, इतकेच. आणि परक्या मजुराला किमान वेतनाहून कमी दिले तरी चालते, हे तर सरळ बेकायदा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतीकामाचा समावेश केला तेव्हा त्यात वंशाची किंवा गावाची सवलत कोणालाही दिलेली नव्हती.