गृहशिक्षिका दारी येते तेव्हा

मेंदूच्या वाढीत अडथळा आला, तर मूल बसणे, चालणे, बोलणे या गोष्टी उशिरा शिकते. काही गोष्टी त्याला जमतही नाहीत. असे मूल आठवड्यातून एकदा तासभर तज्ज्ञाकडे नेले, तरी आठवड्याचे उरलेले १६७ तास ते असते मुख्यतः घरीच. मग शिक्षणही घरातच का देऊ नये?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी १९६९ साली अशी योजना सुरू झाली. भाग ग्रामीण, मुले दूरदूर विखुरलेली. त्यांना एका वर्गात आणणे कठीण. म्हणून गृहशिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागली. ती मुलाला शिकवते, पण त्याहून अधिक त्याच्या पालकांना शिकवते.

पद्धत सोपी आहे. भाषा, हालचाल, आकलन, स्वावलंबन आणि इतरांशी वागणे यांपैकी मुलाला आज काय जमते, हे आधी एका यादीवरून पाहतात. मग आठवड्याभरात जमेल अशी पुढची छोटी पायरी निवडतात. शिक्षिका ती करून दाखवते, पालक तिच्यासमोर करून पाहतात, रोज सराव घेतात आणि तक्त्यात नोंद ठेवतात. पायरी जमली नाही, तर ती मोठी होती असे समजून आणखी लहान करतात.

उदाहरणार्थ, चड्डी घालणे. आपण ती जवळजवळ कमरेपर्यंत आणावी. शेवटचे ओढणे मुलाने करावे. ते जमले की गुडघ्यापासून, मग पावलापासून. अशा उलट्या क्रमामुळे काम पुरे केल्याचा आनंद दर वेळी मुलालाच मिळतो.

घरी शिकवण्याचे आणखी एक कारण आहे. एका जागी शिकलेले कौशल्य दुसरीकडे आपोआप वापरता येतेच असे नाही. केंद्रातल्या प्लॅस्टिकच्या पेल्याने पाणी पिणारे मूल घरातल्या स्टीलच्या भांड्यापुढे अडू शकते.

मात्र आधीच थकलेल्या आईवर आणखी एक काम लादणे म्हणजे मदत नव्हे. तिला अधूनमधून विसावा, इतर पालकांची सोबत आणि खर्चाला आधारही हवा. भारतात १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता वा बहुविकलांगता असलेल्यांना तीत १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाड्या व शाळांमध्ये मुलांची तपासणी करतात आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनुसार तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय आहे. तो निवडण्याचा हक्क मुलाचा आहे. त्याला वर्गाबाहेर ठेवण्याची सबब म्हणून शाळेने तो वापरू नये. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव आपल्या हजेरीपटावर असेल, तर ते आपलेच विद्यार्थी आहे. त्याच्या घरी जाऊन यावे, त्या आठवड्याची पायरी कोणती हे विचारावे आणि वर्गातल्या दोघा-चौघांना त्याच्याशी खेळायला पाठवावे.