पाण्याच्या पातळीखालचा कमोड

चौघांनी मिळून एक जुनी तीस फुटी शिडाची बोट घेतली, तेव्हा शिडं, दोर, इंजिन सगळं नीट तपासून घेतलं. संडासाचं दार मात्र एकदा उघडून लावून टाकलं. सिअ‍ॅटलच्या प्युजेट साउंडमध्ये पहिला उन्हाळा संपेपर्यंत हातपंप दांड्यापाशी गळू लागला आणि केबिनमध्ये पाय ठेवताच वास यायला लागला. नवा कमोड आणू, चार बोल्ट आवळू, झालं, असा आमचा हिशोब. कमोड बसवायला खरंच तासभर लागला. दोन शनिवार-रविवार गेले ते नळ्यांमध्ये.

घरात पाणी वरून येतं आणि घाण खाली जाते, सगळं गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर. बोटीत उलटं. कमोडचं भांडं बऱ्याचदा बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली असतं, म्हणजे तुम्ही बसता तेव्हा समुद्र तुमच्यापेक्षा वर असतो! बोटीच्या बुडाला भोक असतं, त्यातून १९ मिलिमीटरच्या नळीने समुद्राचं पाणी पंपात येतं आणि पंप ते भांड्यात ढकलतो. मध्ये उभ्या असतात त्या फक्त काही रबरी झडपा. एखाद्या झडपेत शेवाळाचा धागा अडकला, की स्कूटरच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढताना होतं तेच होतं. एकदा ओघ सुरू झाला की ओढायची गरज नाही, सायफन आपोआप चालू राहतो.

किती पाणी येईल? भांड्याची कड बाहेरच्या पातळीपेक्षा २० सेंटीमीटर खाली धरा. वेग म्हणजे २gh चं वर्गमूळ, सेकंदाला साधारण २ मीटर. नळीतल्या घर्षणापायी निम्म्याहून जास्त वजा केलं तरी मिनिटाला १५ लिटर, तासाला ९०० लिटर. आपण किनाऱ्यावर जेवून परत येईपर्यंत जवळपास एक टन पाणी आत!

यावर उपाय म्हणजे नळीची उलटी यू. ती बोट कलल्यावरही पाण्याच्या पातळीच्या वर राहील इतकी उंच न्यायची आणि टोकाशी हवा आत घेणारी छोटी झडप बसवायची. हवा शिरली की सायफन तुटतो. नुसती उंच यू पुरत नाही, भरलेली नळी तो डोंगरही ओलांडते. ही यू पंप आणि भांडं यांच्या मध्ये हवी. पंपाच्या अलीकडे बसवली तर पंप पाण्याऐवजी तिथूनच हवा ओढत बसतो. नव्या कमोडवर पंप ते भांडं अशी वीतभर नळी तयारच येते, ती काढून टाकायला हात धजावत नाही. आधीच्या मालकानेही काढली नव्हती. इतकी वर्षं बोट तरंगली ती केवळ बुडाचा कॉक आठवणीने बंद केल्यामुळे.

आता कोणता कमोड? एकाला विजेचा हवा होता. बटण दाबायची सोय छान, पण आमची वायरिंग जुनी आणि बिघडला तर समुद्रात उघडून बसणार कोण? कंपोस्टवाल्याला बुडाला भोकच लागत नाही, हे मला फार पटलं. मात्र लघवी वेगळी साठवून रोज न्यायची, यावर मतदानात मी एकटा पडलो. शेवटी पुन्हा हातपंपच.

वासाचा उगम मात्र कमोडमध्ये नव्हताच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. बोट आठवडाभर उभी राहिली की नळीत साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. म्हणजे ‘स्वच्छ’ पाणी आणणारी नळीसुद्धा घाण मारते. शिवाय जुनी नळी वास झिरपू देते. गरम ओल्या फडक्याने नळी पुसा, गार झाल्यावर फडकं हुंगा. फडक्याला वास आला तर नळी बदला. आमच्या सगळ्या नापास झाल्या.

बाहेर जाणारी ३८ मिलिमीटरची नळी कापली तर आत जेमतेम अंगठा जाईल एवढीच जागा. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, पाणी अल्कधर्मी बनतं आणि समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम कार्बोनेट-फॉस्फेट होऊन चिकटतं. हीटरच्या कॉइलवर धरतो तसाच थर, फक्त इथे त्याचा दगड झालेला. अधूनमधून व्हिनेगर ओतलं तर तो कोवळा असतानाच विरघळतो.

हे सगळं जातं ते मैल्याच्या टाकीत. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडता येत नाही. प्युजेट साउंडमध्ये २०१८ पासून प्रक्रिया केलेलाही नाही. म्हणून समुद्राकडे वळवणारी झडप बंद करून पट्ट्याने बांधून ठेवली आहे.

संडासाच्या दारावर आता मराठीत आणि इंग्रजीत एक कागद आहे: पोटातून गेलं नसेल ते टाकू नका. पंचवीस वेळा पंप मारा. भांडं कोरडं करा. कॉक बंद करा. बंद केला का? परत बघा.