वेखंड आणि वाळा

वेखंड (शास्त्रीय नाव: अ‍ॅकोरस कॅलॅमस) आणि वाळा (शास्त्रीय नाव: क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस) या ओलाव्यात वाढणाऱ्या, गवतासारखी लांब पाने असलेल्या दोन बहुवर्षायू सुगंधी वनस्पती आहेत. दोहोंचा उपयुक्त भाग जमिनीखाली असतो. संस्कृतात त्यांना अनुक्रमे वचा आणि उशीर अशी नावे असून आयुर्वेदात दोन्ही प्राचीन काळापासून परिचित आहेत. बागेतील ओलसर कोपऱ्यासाठी दोहोंची नावे बरोबरीने सुचवली जातात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी लावली तरी चालेल, असा समज होतो. हा समज चुकीचा आहे. वेखंडाला वर्षभर पायाशी पाणी लागते. वाळा पावसाळ्यात पाण्यात उभा राहू शकतो, परंतु उन्हाळ्यात तो आपले पाणी जमिनीत खोलवर जाऊन मिळवतो.

ओळख

वाळा हे खरे गवत असून त्याचा समावेश तृण कुलात (पोएसी) होतो. वेखंड गवत नाही. पूर्वी त्याची गणना सुरणाच्या कुलात (अ‍ॅरेसी) होत असे. आता त्याला अ‍ॅकोरेसी या स्वतंत्र कुलात ठेवले जाते. एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात ही सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा मानली जाते.

वेखंडाची पाने तलवारीसारखी, चपटी, साधारणपणे एक मीटरपर्यंत उंच असतात. त्यांची मध्यशीर पात्याच्या बरोबर मधून न जाता किंचित एका बाजूला असते आणि कडा अनेकदा चुणीदार दिसते. फुलोरा बोटाएवढा, हिरवट पिवळा, पानासारख्या दांड्याच्या बाजूने फुटलेला असतो. पुरेसे पाणी नसल्यास तो सहसा येत नाही. वाळ्याची पाने अरुंद व ताठ असतात. त्याचे ठोंब दीड ते दोन मीटर उंच होतात आणि त्यावर जांभळट तुरे येतात.

फुले नसताना ओळखण्याची सोपी खूण म्हणजे वास. वेखंडाचे पान चुरगळले की लगेच उग्र सुगंध येतो. वाळ्याच्या पानाला असा वास नसतो. त्याचा सगळा सुगंध मुळांत असतो. रोपवाटिकेत गवती चहाचे ठोंब वाळा म्हणून दिले गेल्यास तेही याच परीक्षेत उघड होते, कारण गवती चहाच्या पानाला लिंबासारखा वास येतो. बाजारात ‘काळा वाळा’ या नावाने मिळणारी मुळे मात्र या गवताची नसून निराळ्या वनस्पतीची असतात.

पाणी आणि जमीन

दोन्ही वनस्पतींच्या स्वभावातील फरक त्यांच्या भूमिगत भागांतून समजतो. वेखंडाचे मूलक्षोड (जमिनीतील आडवे खोड) अंगठ्याएवढे जाड, पेरेदार असून चिखलाच्या वरच्या थरात आडवे सरकत जाते. हा थर सुकला की वेखंडाला दुसरा आधार उरत नाही. पानांचे शेंडे करपतात आणि वाढ थांबते. त्यामुळे तळ्याचा काठ, विहिरीच्या पाटाची बाजू किंवा सांडपाणी जिरणारी परसातील जागा त्याला मानवते. अर्धवट सावलीही त्याला चालते. जागा नसल्यास भोक नसलेल्या पसरट कुंडीत चिकणमाती भरून तिच्यावर दोन-तीन बोटे पाणी राखले तरी पुरते. अशा पाण्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडावेत.

वाळ्याची मुळे सरळ खाली उतरतात. अनुकूल जमिनीत ती दोन ते तीन मीटर, क्वचित त्याहूनही खोल जातात. त्यामुळे काही आठवडे पाणी साचले तरी ठोंब कुजत नाही आणि पुढे कोरड्या चैत्र-वैशाखातही तो तग धरतो. सावली मात्र त्याला सोसत नाही. भिंतीच्या आडोशाला लावलेला वाळा ओलावा असूनही विरळ होत जातो. तेथे वेखंडच लावणे योग्य.

पसरण्याच्या बाबतीतही दोघे भिन्न आहेत. वेखंड आडवा सरकत शेजारची जागा व्यापतो. वाळ्याला धावती खोडे नसतात, आणि लागवडीतील दक्षिण भारतीय प्रकारांना बहुधा रुजणारे बी धरत नाही, म्हणून तो लावला तेथेच राहतो. या गुणामुळे कर्नाटकात म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट परिसरातील शेतकरी फार पूर्वीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेने मृदसंधारणासाठी या गवताचा पुरस्कार केला आणि त्यानंतर अनेक देशांत त्याचा प्रसार झाला.

लागवड आणि काढणी

दोहोंची लागवड पावसाळ्याच्या आरंभी करतात. वेखंडासाठी डोळा असलेले मूलक्षोडाचे तुकडे सुमारे ३० सेंटीमीटर अंतरावर चिखलात उथळ दाबतात. वाळ्याचे फुटवे ठोंबापासून अलग करून, पाने वीतभर ठेवून लावतात. बांधावर सलग कुंपण हवे असल्यास अंतर १० ते १५ सेंटीमीटर ठेवतात. पहिल्या वर्षी एक-दोनदा छाटणी केल्यास फुटवे वाढतात.

काढणीच्या वेळी मात्र वाळा लावणाऱ्याला आधीच घेतलेला निर्णय पाळावा लागतो. सुगंधी मुळे साधारणपणे दीड वर्षाने तयार होतात आणि ती मिळवण्यासाठी संपूर्ण ठोंब खणून काढावा लागतो. उतारावरील किंवा बांधावरील ठोंब असा खणला, तर मोकळी झालेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. ज्या कामासाठी वाळा लावला, तेच उलटे होते. म्हणून बांधावरचा वाळा मुळांसाठी खणू नये. मुळांसाठी वेगळी सपाट, रेताड जागा राखावी किंवा खोल पोत्यांत रेतीमिश्रित माती भरून त्यांत लागवड करावी. पोते फाडले की मुळे न तुटता हाती येतात. वेखंडाच्या बाबतीत ही अडचण नाही. मूलक्षोडाचा मागचा जुना भाग कापून घेऊन पानांचा शेंडा पुन्हा चिखलात रोवला की वाढ सुरू राहते.

उपयोग

वाळ्याची जुडी माठात टाकून पाणी सुगंधित करणे आणि उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून लावणे महाराष्ट्रात परिचित आहे. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या दाहावर उशीराच्या लेपाचा उल्लेख येतो. मुळांपासून काढलेले तेल अत्तरांत सुगंध टिकवून धरण्यासाठी वापरतात.

वेखंडाच्या कांड्या कपड्यांत व पोथ्यांत कीड लागू नये म्हणून ठेवतात. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर वेखंडाची पूड लावण्याची आणि बाळगुटीत सहाणेवर त्याचे वेढे देण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. तथापि परसात वेखंड वाढवणाऱ्याने हे जाणून असावे की त्याच्या तेलात बीटा-असारोन नावाचा घटक असतो. भारतात व पूर्व आशियात आढळणाऱ्या चतुर्गुणित प्रकारात त्याचे प्रमाण फार मोठे असते. उत्तर अमेरिकेतील द्विगुणित प्रकारात तो जवळजवळ नसतो. प्राण्यांवरील प्रयोगांत तो कर्करोगकारक आढळल्यामुळे अमेरिकेत १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घालण्यात आली. आयुर्वेदातही वचा पोटात देण्यापूर्वी तिचे शोधन करतात. परसातून उपटलेल्या ताज्या कांडीवर असे कोणतेही संस्कार झालेले नसतात, आणि पान किंवा कांडी पाहून तिच्यातील बीटा-असारोनचे प्रमाण कळत नाही. म्हणून ती लहान मुलांना उगाळून चाटवू नये.