वाकळीचा मध्य

वैशाख सरत आला, शेतातील नांगरट-कुळवणी आटोपली आणि 7-8 जूनला लागणाऱ्या मृगाकडे डोळे लावून बसण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हाती फारसे काही उरले नाही, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील स्त्रियांचा एक निराळाच हंगाम ऐन भरात येतो. शेणी रचून झालेल्या असतात, सांडगे-कुरडया डब्यांत गेलेल्या असतात, आणि सोप्यात पसरलेली वाकळ, म्हणजे जुनेऱ्यांचे थर शिवून केलेली गोधडी, तेवढी मुदतीच्या आत पुरी व्हायची राहिलेली असते. गगनबावड्यात वर्षाकाठी 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस शिरोळात तो 500च्या आसपास पडतो. परंतु मृगाची ही मुदत दोन्हीकडे सारखीच पाळली जाते, कारण जुनेरे धुऊन कडकडीत वाळविण्याजोगे ऊन त्यानंतर मिळत नाही, आणि एकही थर दमट राहिला तर पुढे वाकळीला जो कुबट वास धरतो तो काही केल्या जात नाही.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला गेला, या गोष्टींची नोंद इतिहासाने यथोचित घेतली आहे. वाकळीचा कारखाना मात्र घरोघर चालू असूनही कोणत्याच दप्तरी चढला नाही. वास्तविक त्यातला हिशेब कोणत्याही कारकुनाला लाजविणारा. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट कापड. त्याची लांबीत चौघडी घातली की पावणेसात फुटांचे चार थर कात्री न लावता मिळतात, आणि दोन लुगडी शेजारी जोडली की दोघांच्या पांघरुणाची तजवीज होते. धड असलेले इरकल वर, विरलेली धोतरे-पटके पोटात, आणि जिथे वरचे कापड दगा देईल तिथे खणाचे ठिगळ.

खरी परीक्षा पुढे आहे. सारवलेल्या जमिनीवर थर ताणून, कोपऱ्यांवर दगड ठेवून, आधी लांब कच्चे टाके घालतात. मग काठ आत दुमडून चारी बाजूंनी धावदोरा सुरू होतो आणि तो चौकटीत चौकट घेत आत सरकतो. प्रारंभी चौघी जणी चार बाजूंना बसून गप्पांच्या भरात टाके घालीत असतात (कोणाचा टाका किती तिरपा, यावर मायलेकींचेही बिनसते). परंतु चौकट लहान होत जाते तशी एकेक जण उठते, आणि अखेर वीतभर मध्य उरतो तेव्हा तिथे एकटी वडीलधारी बाई वाकून बसलेली असते. काठापासून रेटत आणलेला सगळा झोळ आता याच वीतभर जागेत साचतो. कच्चे टाके सैल पडले असतील तर इथे फुगा येतो, आणि तो दडपण्यासाठी चुणी घेतली तर रात्री ती नेमकी पाठीला रुतते. म्हणून जाणती बाई प्रत्येक फेऱ्यानंतर तळहाताने कापड आतून बाहेर सारीत जाते. शेवटच्या टाक्याचे यश पहिल्या फेऱ्यातच ठरलेले असते.

अशी वाकळ मृगापूर्वी पुरी झाली की पावसाळाभर अंगावर राहते, आणि नवरात्रापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुवायला निघते तेव्हा तिला पहिले पाणी लागते.

सहावारी कृत्रिम रेशमी साड्यांनी या शिस्तीची पुष्कळ हानी केली, हे माझे स्पष्ट मत आहे. ते कापड सुईखाली निसटते, घाम शोषीत नाही आणि वर्षानुवर्षे विरतही नाही. आणि न विरलेल्या कापडाला वाकळीचा मऊपणा यावा कोठून? प्रदर्शनांतून हल्ली नव्याकोऱ्या कापडाच्या, यंत्रावर शिवलेल्या सुबक गोधड्या मिळतात. त्यांना वाकळ म्हणवून घेण्याचा अधिकार मी देणार नाही. हाताने शिवलेली, जुन्या सुती लुगड्यांची वाकळ कोठे विकत मिळालीच, तर वाचकांनी तिचे रंग पाहण्याआधी ती जमिनीवर पसरावी आणि मध्यावरून तळहात फिरवावा. तो कोठेही अडखळला नाही, तर घासाघीस न करता सांगेल ती किंमत त्या बाईच्या हातावर ठेवावी.