डॅफोडिलचीं धाकटीं भावंडें

डॅफोडिल म्हटलें कीं हातभर उंच देठावर डुलणारें मोठें पिवळें फूल डोळ्यांपुढें येतें. फारशी व उर्दू काव्यांतील नर्गिस याच कुळांतली. परंतु या कुळांत वीतभर किंवा त्याहूनहि ठेंगणीं अशीं अनेक झाडें आहेत. आणि इंग्लंडांतील कित्येक जाणते बागवान वसंतारंभीं त्यांचीच वाट अधिक उत्कंठेनें पाहतात.

हीं झाडें म्हणजे मोठ्या डॅफोडिलचे खुरटलेले नमुने, असा समज होणें स्वाभाविक आहे; पण तो खरा नव्हे. त्यांतील बहुतेकांचें मूळ स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्को येथील डोंगरांत व नदीकांठीं आहे, आणि प्रत्येक जातीची ठेवण स्वतंत्र आहे. डॅफोडिलच्या फुलाला बाहेर सहा पाकळ्या व मध्यभागीं पेल्यासारखी किंवा तुतारीसारखी नळी असते. या दोहोंचें प्रमाण बदललें कीं सारें रूप पालटतें. ‘बल्बोकोडियम’ जातींत पाकळ्या अगदीं बारीक, तर नळी घेरदार परकरासारखी फुगलेली. ‘ट्रायँड्रस’चीं फुलें माना खालीं घालून दोन-दोन, तीन-तीन लोंबतात. ‘ॲस्टुरिएन्सिस’ हें मात्र मोठ्या डॅफोडिलचेंच जेमतेम चार-पांच बोटें उंचीचें हुबेहूब रूप.

या सर्वांत ‘सायक्लॅमिनस’ची कथा विलक्षण आहे. वाऱ्याच्या झोतांत सांपडल्याप्रमाणें त्याच्या पाकळ्या पूर्णपणें मागें वळलेल्या असतात. सतराव्या शतकांतील चित्रांत तें दिसे. पण प्रत्यक्ष फूल कोणास आढळेना. १८३७ सालीं विल्यम हर्बर्ट या अधिकारी वनस्पतिज्ञानें असें फूल अस्तित्वांतच नाहीं, असा निर्वाळा दिला. पुढें १८८५ सालीं पोर्तुगालमधील ओपोर्टो शहराजवळ तें सुखरूप फुललेलें सांपडलें! त्याच्याच वंशांतून कॉर्नवॉलच्या ॲलेक ग्रे यांनीं ‘तेत-आ-तेत’ हा प्रकार निर्माण करून १९४९ सालीं प्रसिद्धीस आणला. याच्या एका देठावर बहुधा दोन फुलें येतात. नांवाचा अर्थहि दोघांचें हितगुज असाच आहे. आज हॉलंडांत कुंड्यांसाठीं त्याची प्रचंड लागवड होते.

जातीचा स्वभाव ओळखणें, हें या बागकामाचें मर्म. सायक्लॅमिनसला ओलावा हवा. बल्बोकोडियमला वसंतांत ओल, पण उन्हाळ्यांत कोरडी जमीन मानवते. कंद शरदृतूंत, त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावावा. फुलें सुकल्यावर पानें विसकटलेलीं दिसतात, म्हणून तीं कापण्याचा मोह होतो. परंतु निदान सहा आठवडे तीं राहूं द्यावीं. पुढील वर्षाच्या फुलाचें अन्न तींच कंदांत सांठवितात. कंद लहान कांद्यासारखा दिसतो व विषारी असतो; तेव्हां तो स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. महाराष्ट्रांतील सपाटीवर त्याला पुरेशी थंडी मिळत नाहीं. कांहीं आठवडे थंडगार जागीं ठेवून कुंडींत लावल्यास एखादा बहर येतो, पण दुसऱ्या वर्षाचा भरंवसा नसतो.

कोठेंहि कंद विकत घेतांना तो रोपवाटिकेंत वाढविलेला आहे, रानांतून उपटलेला नाहीं, एवढी चौकशी अवश्य करावी. नाहींसें समजलेलें एक फूल सुदैवानें पुन्हां सांपडलें. तसा योग दर वेळीं येईलच असें नाहीं.