सेबेन्झा की एक्सएम-१८? महागड्या घडीच्या चाकूची निवड

चाकू ही वस्तू आपल्याकडे स्वयंपाकघर आणि पोलिसांचा पंचनामा यांच्यामध्ये कुठेतरी अडकलेली आहे. घरात विळी असते, सुरी असते, पानाच्या डब्यात अडकित्ता असतो. पण खिशात चाकू बाळगणारा माणूस म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो हिंदी चित्रपटातला रामपुरी. अमेरिकेत मात्र घडीचा चाकू किल्ल्यांच्या जुडग्याइतका साधा मानला जातो. खोकी उघडणे, दोरी कापणे, फळ चिरणे ही त्याची रोजची कामे. या कामांसाठी दहा-वीस डॉलरचा चाकूही पुरतो. तरीही त्याच वस्तूसाठी साधारणपणे चारशे ते सहाशे डॉलर मोजणारा एक वर्ग तेथे आहे, आणि तेथे स्थायिक झालेल्या किंवा येथून मागवणाऱ्या मराठी मंडळींमध्येही हा षोक अधूनमधून आढळतो. या किमतीच्या घरात शिरलेल्या ग्राहकापुढे दोन नावे हमखास येऊन उभी राहतात : ख्रिस रीव्ह यांचा ‘सेबेन्झा’ आणि रिक हिंडरर यांचा ‘एक्सएम-१८’.

दोन्ही अमेरिकी बनावटीचे, दोघांच्या मुठीत टायटॅनियम, दोघांचे पाते उत्तम पोलादाचे. दुकानाच्या काचेमागे ठेवले तर नवख्याला फरक आकाराचा आणि रंगाचाच वाटेल. प्रत्यक्षात हे दोन चाकू दोन वेगळ्या कामांचा विचार करून घडवलेले आहेत आणि तो विचार न ओळखता केलेली खरेदी बहुधा खणात पडून राहते.

ख्रिस रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. साचे आणि हत्यारे घडवण्याच्या कारागिरीत त्यांचा हात तयार झाला. १९८४ साली त्यांनी डर्बनमध्ये चाकूंचा व्यवसाय सुरू केला आणि १९८९मध्ये ते अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरी स्थलांतरित झाले. सेबेन्झा बाजारात आला तो नव्वदच्या दशकाच्या आरंभी. ‘सेबेन्झा’ हा झुलू भाषेतला शब्द; अर्थ ‘काम’. नाव ठेवताना रीव्ह यांनी कोणत्याही हिंस्र प्राण्याची अथवा योद्ध्याची आठवण काढली नाही, हे त्या चाकूच्या स्वभावाला धरूनच आहे.

घडीच्या चाकूचा सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे उघडलेले पाते बोटांवर मिटू नये यासाठी काय करावे. ऐंशीच्या दशकात मायकेल वॉकर या कारागिराने मुठीच्या आतल्या पातळ पट्टीलाच स्प्रिंगचे काम दिले. पाते उघडले की ती पट्टी त्याच्या बुडामागे सरकून बसते. अंगठ्याने बाजूला सारली की पाते मिटते. रीव्ह यांनी ही कल्पना पुढे नेली. वेगळी पट्टी काढून टाकून त्यांनी मुठीची एक अखंड टायटॅनियमची बाजूच लांबीने कापून तिची स्प्रिंग केली. मूठ घट्ट धरली की हाताच्या दाबाने लॉक अधिकच पक्के बसते. आज जगभर ‘फ्रेमलॉक’ या नावाने शेकडो चाकूंत दिसणारी रचना ती हीच. विशेष म्हणजे एक्सएम-१८मध्येही तीच आहे.

रिक हिंडरर ओहायो राज्यातले. अग्निशमन आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा त्यांना अनुभव. अपघातग्रस्त मोटारीचा पट्टा कापायचा आहे, अंधार आहे, हातात जाड हातमोजे आहेत, अशा प्रसंगी चाकूकडून काय हवे याचा विचार त्यांच्या घडणीत पदोपदी दिसतो. मूठ जाड आणि खडबडीत. तिची एक बाजू टायटॅनियमची, तर दुसरी बहुधा जी-१० या काचतंतूंच्या कठीण थराची, ओल्या हातातून न निसटणारी. फ्रेमलॉकमधली एक उणीवही त्यांनी हेरली. लॉक सोडवताना ती स्प्रिंगची बाजू कुणी घाईत फार बाहेर ढकलली तर ती वाकते आणि पुढे लॉक सैल पडते. हिंडरर यांनी तिथे एक छोटी गोल चकती बसवली; स्प्रिंग ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही. इतकी साधी युक्ती, पण इतर उत्पादकांनीही ती उचलली.

आता मुख्य गोष्ट. चाकू विकत घेणारा माणूस सर्वप्रथम पोलादाचे नाव विचारतो. विचारायला हवी ती पात्याची जाडी. धार कितीही तीक्ष्ण असली तरी कापताना धारेमागचे सगळे पाते त्या पदार्थातून पार व्हावे लागते. पाते म्हणजे शेवटी एक पाचरच. मोठ्या सेबेन्झाच्या पात्याची जाडी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू आतल्या बाजूस किंचित खोलगट घासलेल्या असतात. त्यामुळे धारेच्या मागचा भाग बराच पातळ राहतो. एक्सएम-१८चे पाते चार मिलिमीटरच्या घरातले, आणि धारेमागेही भरदार. परिणाम सफरचंदावर लगेच दिसतो. सेबेन्झा त्याची फोड काढतो. एक्सएम-१८ अर्ध्यापर्यंत चिरतो आणि उरलेले सफरचंद कट्कन दुभंगते. पुठ्ठ्याच्या खोक्यावरही हाच अनुभव येतो. जाड पाते अडते, हाताला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरण्याची शक्यता नेहमीच अधिक.

हा एक्सएम-१८चा दोष म्हणावा काय? विळी आणि कोयता यांची तुलना करून कोयत्याला नावे ठेवण्यासारखेच ते होईल. शहाळे विळीने कुणी फोडत नाही. लाकडाची कपची काढणे, जाड नळी किंवा दोरखंड तोडणे, पाते थोडे तिरके पिळावे लागेल असे आडदांड काम करणे, यासाठी जाडी हवीच. तिथे सेबेन्झाच्या नाजूक धारेला खांडे पडण्याची भीती. हिंडरर पात्याचे अनेक आकार देतात. त्यांपैकी ‘स्पॅन्टो’ हा भाल्यासारख्या टोकाला विशेष बळकटी देणारा आकार बराच प्रसिद्ध आहे, आणि ‘स्लायसर’ नावाचा आकार कापण्याच्या कामाला तुलनेने सोयीचा. ज्यांना हिंडररच हवा आहे पण काम शहरी आहे, त्यांनी आकार निवडताना एवढे लक्षात ठेवावे.

पोलादाविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत तेच असते. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील क्रुसिबल कंपनीने ‘सीपीएम एस३०व्ही’ हे चाकूंसाठीच योजलेले पोलाद आणले. त्याच्या घडणीत रीव्ह यांचाही सल्ला होता. पुढे २००९मध्ये एस३५व्हीएन, २०१९मध्ये एस४५व्हीएन आले, आणि २०२१मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने योजलेले मॅग्नाकट. ‘सीपीएम’ म्हणजे वितळलेल्या पोलादाची आधी बारीक भुकटी करून मग ती प्रचंड दाबाखाली एकजीव करण्याची पद्धत. त्यामुळे आतले कठीण कण बारीक आणि सारखे पसरलेले राहतात. डिसेंबर २०२४मध्ये या क्रुसिबल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा चाकूंच्या शौकिनांत जी हळहळ व्यक्त झाली, ती एखाद्या जुन्या घराण्याचा वाडा विकला जावा तशी होती.

या पोलादांच्या नावांवरून रात्र-रात्र वाद घालणारे लोक आहेत. परंतु आपल्या आजोबांच्या पिढीला जे ठाऊक होते तेच येथेही खरे : पोलाद कोणते, याइतकेच त्याला पाणी कसे दिले हे महत्त्वाचे. रीव्ह यांनी बराच काळ आपली पाती मुद्दाम थोडी मऊ ठेवली, धार टिकण्यापेक्षा ती घरच्या घरी सहज लावता यावी म्हणून. यावर टीकाही पुष्कळ झाली. पुढे मॅग्नाकटच्या वेळी त्यांच्या कारखान्याने पाते पूर्वीपेक्षा बरेच कठीण ठेवले. शहरातल्या सामान्य वापरात एस४५व्हीएन आणि मॅग्नाकट यांतला फरक बहुतेकांच्या ध्यानातही येणार नाही. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत मात्र मॅग्नाकटचा गंजाला विरोध करण्याचा गुण उपयोगी पडावा. अर्थात लिंबू किंवा कैरी चिरल्यावर पाते पुसायचा आळस कोणत्याही पोलादाने माफ केलेला नाही.

आणि एक कळकळीची सूचना. असा चाकू रस्त्यावरच्या सायकलचाकी सहाणेवर कधीही देऊ नये. त्या कारागिरांचे कसब नाकारण्याचा हेतू नाही. विळ्या-कात्र्यांना ती सोय उत्तम आहे. पण कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, पाण्याचा गुण उतरतो आणि पाते झिजते ते वेगळेच. धार लावण्याचा बारीक दगड, पाणी आणि चामड्याचा पट्टा एवढे पुरते. सेबेन्झाचे पातळ पाते दगडावर पाच-दहा मिनिटांत वठणीवर येते. एक्सएम-१८च्या जाड धारेला अधिक वेळ आणि अधिक संयम लागतो.

एवढे पैसे नेमके कशाचे, हे चाकू खोलल्यावर कळते. सेबेन्झाचे पाते फॉस्फर ब्राँझच्या सच्छिद्र वॉशरांवर फिरते आणि आसेभोवती नेमक्या मापाची एक नळी बसवलेली असते. त्यामुळे स्क्रू पूर्ण आवळला तरी पाते अडकत नाही आणि हलतही नाही. स्वस्त चाकूत स्क्रू किती आवळावा याची जी रोजची कटकट असते, ती येथे कारखान्यातच मिटवलेली आहे. चाकू खोलून, पुसून, पुन्हा जोडण्याची मालकाला मोकळीक आहे. त्यासाठी लागणारी किल्ली आणि वंगण चाकूबरोबरच येते. एक्सएम-१८ही खोलता येतो, आणि त्याच्या आसेची रचना तर अशी की ब्राँझचे वॉशर, टेफ्लॉनचे वॉशर किंवा बेअरिंग यांपैकी हवे ते बसवावे. मुठीची बाजू बदलावी, रंग बदलावा. सुटे भाग मिळतात. ज्याला वस्तू आपल्या हाताने बदलत राहण्याची हौस आहे त्याला हिंडररची ही उदारता भावते. सेबेन्झाचा मालक बहुधा काहीच बदलत नाही.

उघडण्याची ढबही निराळी. एक्सएम-१८च्या पाठीला एक छोटे बोंड असते. तर्जनीने दाबले की पाते खट्कन उघडते. सेबेन्झा अंगठ्याने, सावकाश, तेलात फिरल्यासारखा उघडतो. कार्यालयात शेजारच्या टेबलावरचे पार्सल उघडून देताना यांतले कोणते बरे दिसेल, हे सांगायला नको. आमच्या मते शहरी माणसाच्या दृष्टीने हा मुद्दा पोलादाच्या नावापेक्षा वजनदार आहे. प्रत्यक्ष वजनाचे म्हणाल, तर मोठा सेबेन्झा ३१ सुमारे १३३ ग्रॅमचा, धाकटा ८५ ग्रॅमचा. साडेतीन इंची एक्सएम-१८ दीडशे ग्रॅमच्या पुढे जातो आणि सुती पँटच्या खिशाला ओढ देतो.

कायद्याकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. भारतात शस्त्र नियम, २०१६ यांतील वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी नसलेली हत्यारे येतात. हे दोन्ही चाकू त्या मापाच्या पुष्कळ आत आहेत. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास बंदी असू शकते आणि असे आदेश सणासुदीत, निवडणुकीत वारंवार निघतात. तेव्हा ‘माप कमी आहे’ ही सबब पुरणार नाही. विमानात हे चाकू हातातल्या सामानात चालत नाहीत. सुरक्षा तपासणीत जप्त झालेला पाचशे डॉलरचा चाकू परत मिळत नाही.

परदेशी राहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू कारणाशिवाय जवळ बाळगता येतो, पण उघडल्यावर लॉक होणाऱ्या चाकूला तेथील न्यायालये ही सवलत देत नाहीत. धाकट्या सेबेन्झाचे पाते बरोबर २.९९ इंच असूनही लंडनच्या रस्त्यावर ते योग्य कारणाशिवाय बेकायदाच ठरते. जर्मनीत २००८पासून एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू रास्त कारणाविना बाळगण्यास मनाई आहे. भाच्याने अमेरिकेहून पाठवलेली भेट घेऊन युरोपच्या सहलीला निघण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

मग घ्यावा कोणता? घर, कार्यालय, प्रवासातले फळ, आलेली पाकिटे एवढेच काम असेल तर धाकटा सेबेन्झा, साधा, नक्षीविना. नक्षीकाम, रत्नजडित अंगठाबोंड, दमिश्की पोलाद यांनी किंमत वाढते, काप सुधारत नाही. गिर्यारोहण, बचावकार्य, शेतीवाडी, यंत्रशाळा असे अंगमेहनतीचे वातावरण असेल, हातमोजे घालून काम करावे लागत असेल, तर एक्सएम-१८. त्याची मूठ त्या हातांसाठीच घडलेली आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी मोठा सेबेन्झा घेतला तरी बिघडणार नाही, फक्त त्याने लाकूड फोडू नये.

दोन्हींच्या नकला बाजारात उदंड आहेत, त्यातही सेबेन्झाच्या अधिक. काही हजार रुपयांत ‘अस्सल’ सेबेन्झा देऊ करणाऱ्या जाहिरातीकडे वळूनही पाहू नये. छायाचित्रात नक्कल ओळखणे जाणत्यालाही कठीण जाते. हातात घेतल्यावर पाते मध्यभागी न बसणे, लॉक निसरडे असणे यांतून ती उघडी पडते, आणि निसरडे लॉक म्हणजे बोटाशी गाठ. खऱ्या सेबेन्झाबरोबर कारखान्याचे जन्मपत्र येते. त्यावर चाकू तयार झाल्याची तारीख असते. जुना चाकू घेत असाल तर हे पत्र आणि मूळ खोके मागावे, आणि पाते पुन्हापुन्हा घासून अरुंद झालेले नाही ना, हे नव्या चाकूच्या छायाचित्राशेजारी धरून पाहावे.