स्वस्त गोळी, महाग तपासणी

अ‍ॅस्पिरिनने मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो, असे कुणी म्हटले तर आम्ही आधी पुरावा मागतो. पुरावा आहे, पण तो सर्वांसाठी नाही. 'लिंच सिंड्रोम' हा जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि या कर्करोगाचा धोका वाढवतो. ब्रिटनचे डॉ. जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखाली हा दोष असलेल्या ८६१ जणांवर चाचणी झाली. सुमारे दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलेल्यांपैकी ९ टक्के, तर औषधाविना नुसती गोळी दिलेल्यांपैकी १३ टक्के लोकांना हा कर्करोग झाला, असे २०२० साली जाहीर झाले.

मग सर्वांनीच ती घ्यावी काय? मुळीच नाही. या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०१६ साली पन्नाशीतल्या काही लोकांसाठी केलेली शिफारस २०२२ साली मागे घेतली.

म्हणजे गोळी कुणाला द्यायची, हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवणार. गोळी स्वस्त, जनुक-तपासणी गरिबाच्या आवाक्याबाहेर! आमच्या वस्त्यांत शौचातून रक्त पडले की मूळव्याध म्हणून अंगावर काढतात. बाप गेला, चुलता गेला, तरी घराण्याचा आजार कुणी विचारत नाही. तो विचारला जावा आणि सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत व्हावी, ही आमची मागणी आहे.